मंदाकिनीबाईंचा डेरिक

मंदाकिनी मोरेश्वर पेठकर या बाईंनी नोकरीची सगळी वर्षं तेलविहिरींचे मनोरे काढण्यात घालवली, आणि त्यातला एकही मनोरा कधी डोळ्यांनी पाहिला नाही. हे ऐकून कुणी हसलं की त्यांना राग येतो. राग येणं रास्तच आहे, कारण हसण्यासारखं त्यात काही नाही.

भांडुपच्या एका कारखान्यात लोखंडी सांगाडे बनत. तेलविहिरीवर जो उंच जाळीदार मनोरा असतो, ज्याच्या पोटातून पाइप जमिनीत सोडतात, तो डेरिक हे त्या कारखान्याचं मुख्य काम. इंजिनिअर मंडळी पेन्सिलीने ड्रॉइंग काढत. त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून तीच रेघ शाईने उतरवायची, हे ट्रेसर मुलींचं काम. मंदाकिनीबाई विसाव्या वर्षी तिथे लागल्या. रेघ चुकली तर दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं घेऊन शाई खरवडायची, नखाने कागद गुळगुळीत करायचा आणि पुन्हा रेघ मारायची. मंदाकिनीबाईंवर ही वेळ फार क्वचित येई.

प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकोनांची एक रांग असे. काढणारा, ट्रेस करणारा, तपासणारा, मंजूर करणारा. दुसऱ्या चौकोनात त्या आपली दोन अक्षरं लिहीत, एम. पी. तिसरा चौकोन रमणसाहेबांचा. रमणसाहेब लाल पेन्सिल घेऊन बसत आणि रेघन् रेघ तपासत. ते मनाने चांगले होते, पण त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तुम्ही उतरवा, विचार मी करतो." मंदाकिनीबाईंनी ते वाक्य इतकी वर्षं ऐकलं की ते त्यांना हवापाण्यासारखं झालं. एकदा कारखान्याच्या दुसऱ्या आवारात एक डेरिक जोडून उभा करणार होते. त्या मॅनेजरकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला तो बघायचा आहे. मॅनेजर म्हणाला, तिथे बायकांचं काय काम? त्या मूग गिळून जागेवर परत आल्या. पण तो प्रश्न त्यांनी विसरल्यासारखं दाखवलं तेवढंच, विसरल्या मुळीच नाहीत.

पुढे कॉम्प्युटर आले. ट्रेसिंगची टेबलं भंगारात गेली आणि ट्रेसर मुली, ज्या आता मुली राहिल्या नव्हत्या, घरी गेल्या. यजमान, मोरेश्वरराव, वारले. आणि दोन हजार सोळाच्या जून महिन्यात, तिकडे थंडी पडायला लागलेली असताना, मंदाकिनीबाई ऑकलंडला मुलाकडे राहायला आल्या.

मुलगा श्रीनाथ आयटीत, सून अस्मिता सिव्हिल इंजिनिअर. माउंट रॉस्किलला भाड्याचं घर. सकाळी साडेसातला दोघं गाड्या काढून जात, ती संध्याकाळीच उगवत. मंदाकिनीबाई कोपऱ्यावरच्या डेरीपर्यंत चालत जात. डेरी म्हणजे दूध-पाव-वर्तमानपत्राचं दुकान, म्हशींचा त्यात काही संबंध नाही, हे कळायला त्यांना आठवडा लागला. दुकानातला माणूस नमस्कारादाखल "किया ओरा" म्हणे, त्याही हसून तेच म्हणत आणि दूध घेऊन परत येत. मग भाजी चिरायची, हीटरसमोर बसायचं. रिकामे हात त्यांना सोसवत नसत.

श्रीनाथला मॉडेल रेल्वेचा नाद होता. ओटाहुहुच्या स्टेशनजवळ एका जुन्या हॉलमध्ये क्लब होता, दर मंगळवारी संध्याकाळी सातआठ माणसं जमत आणि छोटे रूळ, छोटी स्टेशनं, छोटे पूल बांधत. श्रीनाथ तिथलं वायरिंग बघे. एका मंगळवारी अस्मिताला उशिरा मीटिंग होती, म्हणून तो आईला बरोबर घेऊन गेला. एका खुर्चीवर चहाचा मग आणि दोन बिस्किटं देऊन तिला बसवलं, घरी पोर सांभाळायला कुणी नसलं की बसवतात तसं.

मंदाकिनीबाई बसल्या नाहीत. रूळ-स्टेशनं मांडलेल्या मोठ्या टेबलाच्या, म्हणजे लेआउटच्या, कडेने फिरत राहिल्या. एक लहानसं बंदर, त्यामागे डोंगर, मध्ये रूळ. रुळांपासून फुटलेला एक फाटा थेट एका मोकळ्या जागेपाशी येऊन संपत होता. तिथे ठेवलेल्या प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ऑइल वेल. जमिनीतून काही निघत असल्याची दुसरी कसलीच खूण नव्हती. शेजारच्या फळीवर एक खोकं होतं, दुकानातून आणलेलं, प्लॅस्टिकची पाण्याची टाकी.

क्लबचा सेक्रेटरी ग्रेम, सत्तरीचा, निवृत्त ड्राफ्ट्समन. त्याने सांगितलं ते श्रीनाथने मराठीत केलं. इथे जुन्या काळचा लाकडी डेरिक उभा राहायचा होता. मालगाडी पाइप घेऊन येणार, या फाट्यावर थांबणार, आणि पाइप समोरच्या दारातून डेरिकमध्ये जाणार. जो सभासद तो करणार होता तो गाव सोडून गेला. ऑक्टोबरमध्ये लेबर वीकेंडला, म्हणजे कामगार दिनाच्या जोडसुट्टीत, टाकानिनीला मोठं प्रदर्शन आहे. तोवर डेरिक झाला नाही तर ती टाकी ठेवायची, असं कमिटीने ठरवलं होतं.

ग्रेमने स्वतः काढलेलं ड्रॉइंग टेबलावर पसरलं. त्याचं इंग्रजी मंदाकिनीबाईंना नीट समजत नव्हतं. ड्रॉइंग मात्र पहिल्या नजरेत समजलं. निदान त्यांना तसं वाटलं.

"आय विल मेक," त्या म्हणाल्या.

श्रीनाथने हातातली वायर खाली ठेवली. "आई, अगं, हे असं नुसतं बोलायचं नसतं. त्यांचा शो आहे. लोक डिपेंड करतील."

"मग करू देत ना. मी काय गंमत करत्येय?"

ग्रेमने आधी श्रीनाथकडे पाहिलं, मग मंदाकिनीबाईंच्या हातांकडे. ड्रॉइंगच्या कागदावर ते हात कसे ठेवलेत, मनगट उचलून, रेघेला तळवा लागू न देता, ते त्याने पाहिलं असावं. "स्वीट ॲज," तो म्हणाला. म्हणजे ठरलं.

परतीच्या वाटेवर श्रीनाथने विचारलं, "तुला खरंच का करायचाय? करमत नाही म्हणून?"

"बघायचाय मला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "उभा राहिलेला. एकदा तरी. आणि दिवाळीला मी परत जाणार, त्याच्या आत."

गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी अस्मिताचं एक जुनं टेबल होतं, ते त्यांचं ऑफिस झालं. मशीन चालू असताना टेबल थरथरे, त्यामुळे कपडे धुण्याचा वार ठरवून घ्यावा लागला, आणि घरातल्या दोन इंजिनिअरांना मळके मोजे साठवून ठेवायची सवय लागली. हॉबीच्या दुकानातून लाकडाच्या बारीक पट्ट्या आल्या. प्रमाण एकास चौसष्ट. मूळचा ऐंशी फुटी मनोरा इथे हातभरालाही थोडा कमीच भरत होता.

अस्मिताने आपल्या परीने मदत करायचा प्रयत्न केला. "आई, आमच्या ऑफिसजवळच्या लायब्ररीत लेझर कटर आहे. मी फाइल बनवते, चारी बाजू तासाभरात कापून मिळतील. एकदम अ‍ॅक्युरेट."

"मिळतील गं. पण मग तो तू केलेला होईल."

यावर रुसणारी सून निराळी असते. अस्मिता दुसऱ्या दिवशी भिंग लावलेला टेबल लॅम्प घेऊन आली आणि टेबलाला लावून गेली. त्या संध्याकाळी अस्मिताच्या आवडीचं भरलं वांगं झालं.

काम करायची पद्धत जुनीच. ड्रॉइंगवरून प्रत्येक बाजू ट्रेसिंगवर उतरवायची, त्यावर बेकिंग पेपर पसरायचा म्हणजे गोंद चिकटत नाही, आणि रेघेवर काडी, काडीवर काडी अशी एकेक बाजू आडवी, सपाट बांधायची. चार बाजू झाल्या की त्या उभ्या करून कोपऱ्यांत जोडायच्या. ब्लेडचं अर्धं पातं पुन्हा हातात आलं. सुरुवातीला बोटं कुरकुरली. दहा काड्यांतल्या तीन वाकड्या जात. बाईंनी त्या तीन काड्या मुकाट्याने चुलीत घालाव्यात तशा डब्यात टाकल्या आणि पुन्हा कापल्या. पुढच्या महिन्यात दहापैकी दहा सरळ जायला लागल्या.

बोल्टांनी त्यांना अडवलं. मनोऱ्याच्या प्रत्येक सांध्यावर बोल्टची डोकी दिसायला हवीत, आणि एवढी बारीक डोकी आणायची कुठून? मोहरी लावून पाहिली, ती मोठी पडली. राई त्याहून बारीक, तरी धटिंगण दिसे. शेवटी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून खसखस आणली. दात कोरायच्या काडीच्या टोकाला गोंदाचा थेंब, त्याला खसखशीचा दाणा, आणि तो नेमका सांध्यावर. एकेका बाजूला शेकड्यांनी दाणे. श्रीनाथ म्हणाला, "आई, या दिवाळीला अनारसे नाहीत वाटतं." बाई म्हणाल्या, "तू चौसष्टावा हिस्सा झालास की खा."

लाकूड जुनं दिसावं म्हणून भांडी घासायची लोखंडी जाळी व्हिनेगरमध्ये भिजत टाकली. ते पाणी लाकडावर फिरवलं की पाऊस खाल्लेला करडा रंग येई. हे ग्रेमने शिकवलं. तो मंगळवारी क्लबात बाईंच्या शेजारी बसून आपल्या बायकोने केलेला केक खाई आणि त्यांनी बरोबर आणलेल्या सुट्या बाजू बघे. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच येत होती, पण रेघ दोघांनाही पूर्ण येत होती, त्यामुळे त्यांचं बरं चाले.

सप्टेंबरच्या शेवटी चारी बाजू जोडून झाल्या. बाजूला लागून इंजिनघर, मनोऱ्याच्या पायापासून वरच्या फळीपर्यंत गेलेली शिडी, समोर पाइप आत घ्यायचं उंच दार. मंदाकिनीबाईंनी तो टेबलावर उभा केला आणि गॅरेजचा दरवाजा वर सरकवून बाहेर गेल्या. रस्त्यावरून त्यांनी तो पाहिला. मग थोडं मागे जाऊन पाहिला. शेजारची सामोअन बाई कपडे वाळत घालत होती, तिने हात हलवला, बाईंनीही हलवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते पुसायची घाई नव्हती.

पुढच्या मंगळवारी डेरिक क्लबात गेला. जागेवरचा प्लायचा तुकडा इतके दिवस कापायला आणि रंगवायला एका सभासदाच्या घरी होता, तो त्याच दिवशी परत आला होता. त्याला चार पायांसाठी चार खाचा होत्या, आणि शेजारी इंजिनघरासाठी चौकोन कापलेला. सगळे भोवती जमले. ग्रेमने डेरिक दोन्ही हातांनी उचलला, दार रुळांकडे करून खाचांवर आणला, आणि थांबला.

इंजिनघराचा चौकोन उजवीकडे होता. इंजिनघर डावीकडे होतं.

ग्रेमने डेरिक फिरवून पाहिला. इंजिनघर चौकोनात बसवलं की पाइपचं दार डोंगराकडे तोंड करी. दार रुळांकडे वळवलं की इंजिनघर स्टेशनच्या वाटेवर येई. पुन्हा फिरवला. भोवतीचे सभासद एकमेकांकडे बघायला लागले, आणि ते बघणंच बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

घोडं कुठे पेंड खातंय ते ग्रेमच्या आधी त्यांच्याच लक्षात आलं. ड्रॉइंगमध्ये मध्ये समोरची बाजू होती आणि तिच्या उजवीकडे आणखी एक बाजू. भांडुपच्या ऑफिसात शिस्त अशी, की वस्तूची डावी बाजू उजवीकडे काढायची. खोकं उजवीकडे वळवलं की त्याची डावी बाजू समोर येते, म्हणून. ग्रेमच्या देशात शिस्त उलटी. जे उजवीकडून दिसतं ते उजवीकडेच काढायचं. कोणती शिस्त पाळली आहे हे सांगणारी छोटी खूण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असते. ग्रेमने ती काढली नव्हती, कारण इथे सगळ्यांना ठाऊकच असतं. आणि मंदाकिनीबाईंनी विचारलं नव्हतं, कारण विचार करायचं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. उतरवलं, नेमकं उतरवलं, आणि आख्खा डेरिक आरशातला झाला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही खसखशीच्या प्रत्येक दाण्यासकट.

रमणसाहेबांनी लाल पेन्सिल खाली ठेवून चष्म्यावरून पाहावं, तसं काहीसं त्यांना वाटलं.

ग्रेमने डेरिक जपून खाली ठेवला. "शी'ल बी राइट," तो म्हणाला. चालून जाईल, तिकडच्या माणसांचं हे आवडतं वाक्य. दार डोंगराकडे राहू दे, लोक मनोरा बघतात, दार कोण बघतं. दोघातिघांनी माना डोलावल्या. मनापासून डोलावल्या, त्यांना बाईंचं वाईट वाटलं होतं.

"बरोबर आहे आई," श्रीनाथ म्हणाला. "इतका भारी झालाय. कोणाला कळणारे?"

"ज्याला पाइप आत घ्यायचाय त्याला कळेल," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांनी डेरिक उचलून आपल्या कापडात गुंडाळला. बाहेर पडताना त्यांची नजर फळीवरच्या खोक्याकडे गेली. पाण्याची टाकी अजून तिथेच होती.

मोटरवेवर श्रीनाथ समोरच्या रस्त्यावर डोळे लावून गाडी चालवत होता. आई रडत असेल अशी भीती त्याला वाटत होती, म्हणून तो तिच्याकडे बघतच नव्हता. माउंट रॉस्किलचं वळण आलं तेव्हा बाई बोलल्या.

"सुपरमार्केटला थांबव. व्हिनेगरची मोठी बाटली घ्यायची आहे."

"आत्ता? कशाला?"

"गोंद सुटतो त्यानं."

प्रदर्शनाला पंधरा दिवस राहिले होते. अस्मिताने लेझर कटरचं पुन्हा विचारलं, यावेळी जरा चाचरत. बाईंनी मानेनेच नको म्हटलं. मग त्यांनी केलं ते असं. कोपऱ्याकोपऱ्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस ठेवला, गोंद पांढरा आणि मऊ व्हायची वाट पाहिली, आणि पात्याच्या टोकाने चार बाजू एकमेकींपासून सोडवल्या. डावी बाजू उजवीकडे जायची होती, उजवी डावीकडे. शिडी उपटून दुसऱ्या पायावर न्यायची होती. इंजिनघर तर पाडून नवंच बांधायचं होतं. स्वतःच्या हाताने बांधलेलं स्वतःच मोडताना माणसाला कसं वाटतं ते ज्याने मोडलंय त्यालाच कळतं. बाईंना संताप येत होता, स्वतःचा, आणि त्या संतापाने त्यांचा हात उलट स्थिर झाला.

एका बाजूचा लांब पाय व्हिनेगर पिऊन फुगला आणि वाकला. तो पोळपाटाखाली दाबून वर तांदळाचा डबा ठेवला. दोन दिवस घरात भाकरी थापल्या गेल्या, पोळ्या बंद. श्रीनाथने तक्रार केली नाही. पाय सरळ होऊन निघाला, त्यावर डाग पडले होते, पण तेलविहिरीच्या लाकडाला डाग शोभतातच.

एक गोष्ट मात्र त्यांनी या वेळी निराळी केली. एखादा भाग पुरा झाला की त्या गॅरेजबाहेर जात, स्वयंपाकघरात चहा करून पीत, आणि मग अस्मिताचं लाल पेन घेऊन परत येत. परत येणारी बाई निराळी असे. तिला काड्या कापल्याचं कौतुक नसे. ती पट्टी लावून मोजे, ड्रॉइंग बघे, प्लायच्या तुकड्याचा फोटो बघे, आणि विचारी, हे इथेच का? दार कुणासाठी? शिडीवर चढणारा माणूस उतरेल कुठे? पहिल्यांदा अस्मिताने दारातून पाहिलं तेव्हा सासूबाई एकट्याच टेबलाशी मान हलवत बोलत होत्या.

"आई, कोणाशी बोलताय?"

"ट्रेसरशी. ही बया विचारल्याशिवाय उतरवते."

अस्मिता हसली, आणि मग हसायची थांबली. तिने एक स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाली, "मी विचारू का काही? तुम्ही उत्तरं द्या." त्या दिवसापासून लाल पेनाची पाळी दोघींत वाटली गेली. शिडीची एक पायरी जास्त झाली होती, ती अस्मिताला सापडली. बाईंनी ती पात्याने काढली आणि सुनेकडे आदराने पाहिलं.

त्याच दिवसांत बाईंनी आणखी एक काम उरकलं. ग्रेमचं ड्रॉइंग त्यांनी नव्या ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवलं. यावेळी ते नुसतं उतरवणं नव्हतं. वरून दिसणारं चित्र घातलं, रूळ कुठे ते दाखवलं, आणि कोपऱ्यात ती छोटी खूण काढली. खाली चौकोनांची रांग आखली. काढणारा, ग्रेम. ट्रेस करणारा, एम. पी. पुढचे दोन चौकोन रिकामे ठेवले.

लेबर वीकेंडच्या शनिवारी सकाळी टाकानिनीच्या हॉलमध्ये, लोक आत यायच्या आधी, डेरिक जागेवर आला. वाटेत श्रीनाथने गाडी इतकी सावकाश चालवली की मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि त्या देशात हॉर्न वाजणं म्हणजे शिवी खाण्यासारखंच. ग्रेम हात पुढे करणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, मी ठेवते. दार रुळांकडे. चार पाय चार खाचांत गेले. इंजिनघर आपल्या चौकोनात बसलं. कुठे हातोडीची टिचकी मारावी लागली नाही.

श्रीनाथने बटण दाबलं. बंदरावरून मालगाडी निघाली, डोंगराला वळसा घालून फाट्यावर आली आणि थांबली. शेवटच्या उघड्या डब्यावर पाइप रचलेले होते, आणि त्यांची तोंडं थेट डेरिकच्या दारासमोर आली. ग्रेमने चिमट्याने एक पाइप उचलला आणि दारातून आत सरकवला. तो आत गेला. एवढंच झालं, पण मंदाकिनीबाईंनी लेआउटची कड धरली. भांडुपच्या ऑफिसातून जे मनोरे शेकड्यांनी गेले, ज्यांच्या पायाशी जायची त्यांना बंदी होती, त्यांतला एक आता त्यांच्या पुढ्यात उभा होता आणि काम करत होता. आनंद झाला. फार आनंद झाला. तो लपवण्यासारखं काही त्यांना वाटलं नाही.

श्रीनाथ शेजारी येऊन उभा राहिला. "आई, मी म्हणालो होतो ना, कोणाला कळणारे. सॉरी हं."

"तुला आता तरी कळलं ना," त्या म्हणाल्या. "पुष्कळ झालं."

मग त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढून ग्रेमला दिली. त्याने ट्रेसिंग उजेडाकडे धरलं. रेघा बघितल्या, कोपऱ्यातली खूण बघितली आणि स्वतःशीच हसला. मग त्याचं बोट चौकोनांच्या रांगेवर फिरत तिसऱ्यावर थांबलं. तपासणाऱ्याचा चौकोन. त्याने खिशातलं पेन काढून बाईंपुढे धरलं. तुम्हीच तपासलंय, तो म्हणाला, तेव्हा सही तुमची.

"नो, नो," बाईंचा हात आपोआप मागे गेला. तो चौकोन त्यांचा नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या पेनाचं टोक तिथे टेकलं नव्हतं. ग्रेमने पेन मागे घेतलं नाही.

बाईंनी पेन घेतलं. पण सही केली नाही. पिशवीतली पट्टी काढली, ट्रेसिंग टेबलावर पसरलं आणि डेरिककडे वळल्या. एव्हाना हॉलचं दार उघडलं होतं आणि लोक आत येत होते. मुलं पुढे घुसत होती, कुणीतरी विचारत होतं, गाडी का थांबलीय. श्रीनाथ बटणावर बोट ठेवून उभा राहिला आणि "वन मिनिट, चेकिंग" म्हणत राहिला. एका मिनिटात ते होणार नव्हतं. बाईंनी दाराची उंची मोजली. पायांमधलं अंतर मोजलं. शिडीच्या पायऱ्या मोजल्या. इंजिनघर कोणत्या हाताला ते आधी कागदावर पाहिलं, मग प्रत्यक्षात पाहिलं, मग पुन्हा कागदावर. घाई त्यांना नव्हती आणि गर्दीसाठी त्या ती करणारही नव्हत्या.

मग त्या कागदावर वाकल्या, मनगट उचलून. तो चौकोन दोन अक्षरांपुरता होता. आखताना त्यांनीच तो तेवढा ठेवला होता, पूर्वीच्या सवयीने. सगळ्यांना वाचता यावं म्हणून इंग्रजी अक्षरांत, सुट्या सुट्या, त्यांनी लिहायला सुरुवात केली. मंदाकिनीतली दोन अक्षरं लिहून होईतो चौकोन संपला. आयुष्यात त्यांची रेघ कधी चौकटीबाहेर गेली नव्हती. त्या थांबल्या नाहीत. उरलेलं मंदाकिनी मंजूर करणाऱ्याच्या चौकोनातून पार झालं, मोरेश्वर समासात गेलं, आणि पेठकर कागदाच्या पार कडेपर्यंत पोचलं.